बेरेट्टा ६८६ की ब्राउनिंग ७२५? एका चापाच्या दुनळीचा आतून घेतलेला आढावा

वर-खाली नळ्यांची दुनळी हातात आली की बहुतेक जण आधी बॉडीवरचं कोरीवकाम बघतात. मग ती खांद्याला लावून बघतात आणि शेवटी चाप एकदा ओढून ‘हलका आहे हं’ म्हणतात. पण चाप हलका आहे की जड, हे एका चापाच्या बंदुकीबद्दल फार थोडं सांगतं. पहिला बार उडाल्यापासून दुसरा उडेपर्यंत आत काय घडतं, त्यावर तिची लायकी ठरते. तेवढ्या वेळात यंत्रणेला तीन कामं करायची असतात. पहिल्या नळीशी जोडलेला चाप सोडवायचा, दुसरीशी जोडायचा, आणि हे चालू असताना दुसरा बार आपोआप उडू द्यायचा नाही.

या आढाव्यात दोन १२ बोअरच्या बंदुका आहेत: बेरेट्टा ६८६ सिल्व्हर पिजन १ आणि ब्राउनिंग सिटोरी ७२५ स्पोर्टिंग. एक इटलीतल्या गार्दोने व्हाल ट्रोम्पियाची. दुसरीवर नाव अमेरिकी असलं, तरी ती जपानच्या मिरोकू कारखान्यात बनते. दोन्हीला एकच चाप आणि दोन्हीत आधी कोणती नळी उडवायची ते निवडता येतं. फरक आत आहे. बेरेट्टाचा चाप पहिल्या बाराच्या धक्क्यावर दुसऱ्या नळीकडे वळतो, तर ७२५ चा चाप बोटाच्या हालचालीवरच वळतो. पहिल्या प्रकाराला इनर्शिया म्हणतात, दुसऱ्याला मेकॅनिकल. घेणाऱ्याने कोरीवकामाआधी हे विचारावं.

दोन चाप असलेल्या जुन्या दुनळीत हा प्रश्नच नव्हता. पुढचा चाप एका नळीचा, मागचा दुसरीचा, आणि दोन्ही लॉक एकमेकांशी बोलत नाहीत. एक बिघडलं तरी दुसरं चालतं. ऐन वेळी चोक (नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा पसारा ठरवणारी आवळण) निवडायचा तर बोट पुढे-मागे सरकवलं की झालं. ही सोय एका चापाला आजही पूर्ण जमलेली नाही. मग एक चाप कशाला? कारण बोटाला जागा सोडावी लागत नाही, पकड तीच राहते, दस्त्याची लांबी दोन्ही बारांना एकच पडते आणि हातमोजा घातला तरी अडत नाही. हवेत उडवलेल्या ताटल्यांच्या नेमबाजीत यामुळे इतका फरक पडतो की त्या खेळात दोन चाप आता अभावानेच दिसतात.

एक चाप करणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश कारागिरांनी आधी सरळ विचार केला: एकदा ओढलं की उजवी, परत ओढलं की डावी. यंत्रणा टेबलावर झकास चालायची आणि मैदानात दोन्ही बार एकदम उडायचे. दोष सुट्या भागांत नव्हता, माणसाच्या बोटात होता. बार उडाला की बंदूक मागे येते आणि बोट क्षणभर चापापासून सुटतं. खांद्यावर आदळून बंदूक जराशी पुढे जाते, तेव्हा अजून आवळलेलंच असलेलं बोट चापाला पुन्हा भिडतं. नेमबाजाला याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या लेखी त्याने चाप एकदाच ओढलेला असतो.

या नकळत ओढीवर लंडनच्या बॉस कंपनीच्या जॉन रॉबर्टसन यांनी १८९४ साली पेटंट घेतलं. त्यांनी ही ओढ थांबवायच्या भानगडीत न पडता ती मोजून टाकली. पहिल्या ओढीला पहिला बार. दुसरी, म्हणजे नकळत होणारी ओढ, वाया जाते. तिसरीला दुसरा बार. अशी तीन ओढींची बंदूक रिकामी असताना तपासली तर एकदा टक, मग काही नाही, मग परत टक असं ऐकू येतं. हे माहीत नसलेला माणूस ती बिघडलेली समजतो. हिची अडचण एकच: पहिलं काडतूस फुसकं निघालं तर धक्का नाही, म्हणजे नकळत ओढही नाही. मग दुसऱ्या बारासाठी चाप मुद्दाम दोनदा ओढावा लागतो आणि तोवर लक्ष्य निघून जातं. नंतरच्या बहुतेकांनी मोजणीचा नाद सोडून धक्क्याच्या वेळी जोडच तोडायचा मार्ग धरला. त्यातूनच आजच्या दोन्ही पद्धती आल्या.

बेरेट्टा ६८६: धक्का हाच कारभारी

६८६ उघडली की दोन्ही हॅमर मागे जाऊन सिअरवर अडकतात. सिअर म्हणजे हॅमर रोखून धरणारा पोलादी आकडा. चापाच्या वर एक हलता तुकडा बसवलेला असतो, त्याला कनेक्टर म्हणू. त्याच्या जोडीला एक वजन असतं, तेच इनर्शिया ब्लॉक. चाप ओढला की कनेक्टर निवडलेल्या नळीच्या सिअरची शेपटी उचलतो. सिअर खाचेतून सुटतो, हॅमर फायरिंग पिनवर पडतो, बार उडतो.

आता बंदूक मागे येते, पण ते वजन जागीच राहू पाहतं. एसटी एकदम सुटली की उभा प्रवासी मागे कलतो, तसंच. या फरकाने कनेक्टर पहिल्या सिअरपासून बाजूला होतो आणि काही क्षण तो कुठल्याच सिअरखाली नसतो. नकळत ओढ नेमकी तेव्हाच येते आणि हवेत विरते. धक्का ओसरला, नेमबाजाने बोट सैल सोडलं, की बारीक स्प्रिंग कनेक्टरला दुसऱ्या सिअरखाली ढकलते. पुढची ओढ दुसऱ्या नळीची.

भाग थोडे, रचना सुटसुटीत आणि हॅमरला कॉइल स्प्रिंगा. त्यामुळे ६८० घराण्याच्या बंदुका जगभरच्या रेंजवर भाड्याने वर्षानुवर्षं वापरल्या जातात. कुठल्याही चांगल्या बंदूक-मिस्तरीला ही रचना पाठ असते आणि सुटे भाग मिळतात. चाप एकदम काचेसारखा तुटतो असं म्हणता येणार नाही. सुटण्याआधी किंचित सरक जाणवते आणि नव्या बंदुकीत ओढ बऱ्यापैकी जड असते. पण दोन्ही नळ्यांची ओढ जवळपास सारखी असते. आमच्या मते रोजच्या सरावाला ते हलकेपणापेक्षा महत्त्वाचं.

दोष दिसतो तो धक्का कमी पडला की. ढोबळ हिशोब करू. बंदूक ३.४ किलोची, छर्रे २८ ग्रॅम आणि नळीतून निघताना त्यांचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. वॉड (छर्ऱ्यांमागची गादी) आणि दारूचा वायू धरून बंदुकीचा मागे येण्याचा वेग सेकंदाला सव्वाचार मीटरच्या घरात जातो. २४ ग्रॅमला तो साडेतीनच्या थोडा वर राहतो आणि २१ ग्रॅमला सव्वातीनवर येतो. ट्रॅप आणि स्कीट या ताटल्यांच्या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय प्रकारांत २४ ग्रॅमचीच काडतुसं चालतात आणि स्वच्छ ६८६ ती बिनतक्रार फिरवते. २१ ग्रॅमच्या सौम्य काडतुसांनाही ती सहसा अडत नाही. पण त्यात दस्त्यात भरलेलं जादा वजन, जाड मऊ रबरी पॅड आणि आत साचलेलं चिकट तेल अशी भर पडत गेली, तर कधीतरी दुसऱ्या ओढीला चाप मेल्यासारखा राहतो. १२ बोअरच्या नळ्यांत .४१० या बारीक बोअरच्या आतल्या ट्यूब घालणाऱ्यांनी तर हे आधी तपासूनच घ्यावं, कारण ट्यूबने बंदूक जड होते आणि काडतूस इवलंसं असतं.

फुसक्या काडतुसाचं दुखणं वेगळं आहे. पहिलं उडालं नाही तर धक्का नाही, आणि धक्का नाही तर चाप दुसऱ्या नळीकडे वळत नाही. परत ओढलं तरी काही होत नाही. काही जण दस्ता हाताने ठोकून चाप वळवतात. भरलेल्या बंदुकीवर हे कधीही करू नये. काडतूस उशिरा पेट घेऊ शकतं, आणि हाताने ठोकताना नळीचं तोंड कुठे वळेल याचा नेम नाही. नळ्या समोर रोखून पुरेसं थांबायचं, मग बंदूक उघडायची. सामन्यात तर उघडायचीही नाही. नळ्या मैदानाच्या दिशेने ठेवायच्या, सेफ्टीला हात लावायचा नाही आणि पंचाला दाखवायचं. आधी उघडली की बिघाडाची सवलत गेली.

ब्राउनिंग ७२५: बोटावर चालणारी

जॉन मोझेस ब्राउनिंग यांची शेवटची मोठी रचना म्हणजे सुपरपोझ्ड ही वर-खाली दुनळी. १९२६ साली बेल्जियममधल्या लीज इथे त्यांचं निधन झालं तेव्हा ती बाजारात यायची होती. ती १९३१ साली आली, तीही दोन चापांसह. तिच्या एका चापाचं काम त्यांचे चिरंजीव व्हॅल ब्राउनिंग यांनी पुढे तडीस नेलं. मधल्या काळात तिला जुळे चाप बसवून विकायचे: चाप दोन, पण कोणत्याही एकाने दोन्ही बार काढता यायचे. सिटोरी १९७३ ची. ती याच घराण्यातली, आणि १२ बोअरची साधी सिटोरी इनर्शियाचीच. २०१२ साली ७२५ आली ती मेकॅनिकल चाप घेऊन, आणि बॉडीची उंचीही थोडी कमी करून.

मेकॅनिकलमध्ये पहिला बार उडाल्यावर बोट सैल सोडलं की चाप पुढे येतो आणि त्या हालचालीनेच जोड दुसऱ्या सिअरकडे जातो. धक्का लागो न लागो. पहिलं काडतूस फुसकं निघालं तर बोट सोडून परत ओढा, दुसरा बार उडेल. ट्यूब घाला, २१ ग्रॅम वापरा, काही फरक पडत नाही. रिकाम्या बंदुकीवर डमी काडतुसं घालून घरी सराव करणाऱ्यालाही दर वेळी दस्ता ठोकावा लागत नाही.

‘मेकॅनिकल म्हणजे आत वजनच नाही’ असा एक समज आहे. तो खरा नाही. नकळत ओढ याही बंदुकीत होतेच आणि तिला काहीतरी अडवावंच लागतं. म्हणून बऱ्याच मेकॅनिकल रचनांमध्ये वजन असतं, पण ते चाप वळवायला नसून धक्क्याच्या क्षणी अडसर घालायला असतं. म्हणजे इनर्शियात वजन चुकलं तर दुसरा बार उडत नाही. अशा मेकॅनिकलमध्ये अडसर चुकला तर दुसरा बार नको तेव्हा उडू शकतो. कुठला दोष परवडतो? जवळ माणसं उभी असताना न उडणारी बंदूक केव्हाही बरी, आणि त्यामुळे मेकॅनिकलला देखभालीत हयगय चालत नाही.

बोटाला ७२५ चा चाप ६८६ पेक्षा उजवा वाटतो. आधीची मोकळी सरक कमी, सुटणं स्वच्छ आणि सुटल्यानंतरही चाप फार मागे जात नाही. स्पोर्टिंग मॉडेलसोबत चापाची तीन वेगवेगळी पाती येतात आणि पातं पुढे-मागे बसवता येतं. लहान हातांच्या नेमबाजाला याचा खरोखर उपयोग होतो. पातं बदलल्यावर त्याचा स्क्रू मात्र नीट आवळायला हवा आणि काडतुसांच्या पहिल्या काही डब्यांनंतर पुन्हा बघायला हवा. तो सैल झाला की चाप डगमगतो, आणि मग माणूस उगाच सिअरवर संशय घेतो. २०२४ साली तिच्यानंतरची ८२५ बाजारात आली असली, तरी वापरलेल्या बंदुकांच्या बाजारात ७२५ भरपूर दिसते.

निवडीचं बटण

दोन्हीत सेफ्टीचं बटण वरच्या पट्टीवर, अंगठ्याखाली. नळीची निवडही तिथेच, आडव्या सरकीने. ब्राउनिंगवर यू आणि ओ ही अक्षरं आहेत: यू म्हणजे खालची आधी, ओ म्हणजे वरची. बेरेट्टावर लाल ठिपके आहेत.

बिघाड म्हणून मिस्तरीकडे येणाऱ्या बंदुकांपैकी काहींत दोष एवढाच असतो की हे बटण मध्येच अडकलेलं असतं. निवड करायची ती सेफ्टी मागे, म्हणजे बंद असताना, आणि बटण पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे न्यायचं. अर्धवट राहिलं तर सेफ्टी पुढे जात नाही किंवा चाप ओढूनही काही होत नाही. थंडीत जाड मोजे घालून घाईघाईने सेफ्टी ढकलताना अंगठा तिरका लागतो आणि बटण सरकतं. ट्रॅपच्या नेमबाजांना निवडीची गरजच नसते, म्हणून बरेच जण मिस्तरीकडून ते एका बाजूला कायमचं बसवून घेतात.

आधी खालची नळी का, असं नवखे विचारतात. खालची नळी खांद्याच्या रेषेला जवळ असते. तिचा धक्का जास्त सरळ मागे येतो, तोंड कमी उचललं जातं आणि दुसऱ्या बारासाठी नेम लवकर सापडतो. म्हणून उघडा चोक खाली, आवळ वर आणि बटण खालच्या नळीवर. लक्ष्य समोरून अंगावर येणारं असेल, म्हणजे दुसरा बार जवळून काढायचा असेल, तेव्हाच उलटं करायचं. ६८६ च्या फील्ड मॉडेलमध्ये बंदूक उघडली की सेफ्टी आपोआप बंद होते. रेंजवर याची सवय नसलेला माणूस ताटली उडून गेल्यावर चाप ओढत बसतो. स्पोर्टिंग मॉडेलमध्ये ती हाताने लावायची असते.

ओढ किती असावी

स्प्रिंगच्या तराजूने मोजली तर खेळाच्या दुनळीला १.६ ते १.८ किलो चांगली. कारखान्यातून आलेल्या बंदुका बऱ्याचदा दोन किलोच्या वर असतात. जुना इंग्रजी ठोकताळा आहे की ओढ बंदुकीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी. ३.२ किलोच्या बंदुकीला १.६ किलो, म्हणजे हिशोब जुळतो. दुसऱ्या बाराची ओढ पहिलीपेक्षा थोडी जड चालते. धक्क्यानंतर बोट जास्त आवळलेलं असतं, त्यामुळे ती जाणवत नाही. दोन्हींत पाव किलोच्या वर फरक असेल तर मात्र मिस्तरीला दाखवावं.

ओढ हलकी करून घेण्याचं वेड इथेच आवरायला हवं. सिअरची धार आणि हॅमरची खाच यांची पकड मिलिमीटरच्या अंशात असते आणि दोन्हींचा कडकपणा फक्त वरच्या थरात असतो. दगडाने दोन घासे जास्त बसले की तो थर जातो. चाप काही आठवडे लोण्यासारखा चालतो आणि मग एके दिवशी बंदूक मिटताना हॅमर पडतो. यूट्यूबवर बघून हे काम करायचं नाही. आपल्याकडे तर दुरुस्तीलाही शस्त्र कायद्याखालचा परवानाधारक मिस्तरीच लागतो.

काउंटरवर तपासायचं कसं

दुकानदाराची परवानगी घ्या. दोन्ही नळ्या डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, मग १२ बोअरची डमी काडतुसं घाला आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. डमीशिवाय चाप ओढू नका. फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग यांना तेवढी गादी लागते.

७२५ वर चाप ओढा, टक. सोडा, ओढा, परत टक. दोन्ही आवाज सारखे हवेत. एक बोदा येत असेल तर त्या बाजूची स्प्रिंग दमली आहे किंवा हॅमर कुठेतरी घासतोय. ६८६ वर पहिल्या टकनंतर चाप सोडून परत ओढला तर काहीही व्हायला नको. आता चाप सोडून, दस्त्याच्या पॅडवर तळहाताने एक जोरकस थाप मारा आणि ओढा: दुसरा टक यायला हवा. दोन-तीन थापांची गरज पडत असेल तर आत तेल चिकटलं आहे. थाप न मारताच दुसरा टक आला तर दोनच शक्यता: कुणीतरी आतली रचना बदलली आहे किंवा कनेक्टर बिघडलाय. मालकाला विचारा.

यापुढची तपासणी लोक विसरतात. पहिला टक झाल्यावर चाप दाबूनच धरा आणि पॅडवर थाप मारा. दुसरा हॅमर पडता कामा नये. मग सेफ्टी बंद करून चाप जोरात ओढा, सोडा आणि चापाला हात न लावता सेफ्टी पुढे करा. काही पडायला नको. बंदूक उघडा आणि नेहमीच्या जोराने मिटा. तेव्हाही काही पडायला नको. या तिन्हींपैकी एकीतही नापास झाली तर सौदा तिथेच थांबवा, किंमत पाडून घेऊ नका.

नेमकी कोणती नळी सुटली ते इजेक्टर दाखवतात. हॅमर पडलेल्या नळीतली डमी बंदूक उघडताच उडून बाहेर येते, न पडलेल्या नळीतली नुसती वर उचलली जाते. बटण खालच्या नळीवर ठेवून एकच टक काढा आणि उघडा: खालची उडाली, वरची बसून राहिली, म्हणजे निवड आणि इजेक्टरची वेळ दोन्ही ठीक. तेच बटण वर करून पुन्हा. उडणारी डमी झेलायला हात आधीच मागे धरा, फरशीवर पडली की तिची कड वाकते.

काय बिघडतं, का बिघडतं

दुसरा बार उडत नाही, या तक्रारीत पहिला संशय बोटावर घ्यावा. पहिल्या बारानंतर बोट पुरतं सैल सोडलंच नाही तर इनर्शिया काय आणि मेकॅनिकल काय, जोड दुसरीकडे जातच नाही. दमलेल्या नेमबाजाकडून दिवसाच्या शेवटी हे हमखास होतं, आणि आंतरराष्ट्रीय नियमांत हा बिघाड धरत नाहीत, ताटली हुकलीच धरतात. खातरजमा सोपी आहे: दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन दहा-बारा जोड्या उडवून बघा.

बोट निर्दोष असेल तर पुढचा संशय तेलावर. बंदूक साफ केल्यावर लोक बॉडीत भरपूर तेल फवारतात आणि ती तोंड वर करून कपाटात उभी ठेवतात. तेल खाली उतरतं, इनर्शिया ब्लॉकभोवती जमतं, त्यात न जळलेल्या दारूची भुकटी मिसळते आणि काही महिन्यांत त्याचा लुकणासारखा थर होतो. तेच तेल दस्त्याच्या लाकडात मुरून त्याचं डोकं मऊ करतं. म्हणून बिजागरीच्या खुंट्यांना आणि कुलपाच्या खिट्ट्यांना थोडं ग्रीस, चापाच्या भागांना पातळ तेलाचा एखादा थेंब, आणि साफसफाईनंतर पहिली रात्र बंदूक तोंड खाली करून. हंगामातून एकदा मिस्तरीकडून दस्ता काढून आतलं सगळं धुऊन घ्यावं.

तिसरा संशय दस्त्याच्या बोल्टवर, आणि हा फार कमी लोकांना सुचतो. बोल्ट सैल असला की धक्का बॉडीतून दस्त्यात एकसंध जात नाही, आणि इनर्शिया ब्लॉक कधी हलतो, कधी नाही. बंदूक कधी चालते, कधी अडते. मिस्तरी भाग बदलत बसतो आणि दोष एका पान्याचा असतो. बॉडी आणि लाकडाच्या सांध्यावर बोट ठेवून दस्ता पिळून बघा, हालचाल जाणवली तर तेच. पावसाळ्यात मुंबई-कोकणात उलटंही होतं. लाकूड फुगतं, चापाच्या पट्टीला आतून टेकतं आणि चाप परत येताना घासतो. अशा वेळी लाकूड टेकतंय तेवढंच मिस्तरीकडून खरवडून घ्यायचं, सिअरला हात लावायचा नाही.

दोन्ही बार एकदम उडणं हा सगळ्यांत गंभीर दोष. झिजलेला सिअर, नको इतकी हलकी केलेली ओढ, दमलेली कनेक्टर-स्प्रिंग ही कारणं यंत्राची. बंदूक खांद्याला सैल धरणं आणि चाप हळूहळू पिळत नेणं ही माणसाची. एकदा जरी झालं तरी त्या दिवशी बंदूक बंद. नुसतं ‘बघू परत होतं का’ म्हणून दोन्ही नळ्या भरायच्या नाहीत. मिस्तरीकडून येईपर्यंत ती पेटीतच राहू द्यावी.

मग घ्यावी कुठली?

ट्रॅप-स्कीटचा खेळाडू, काडतुसं ताजी, वापर २४ किंवा २८ ग्रॅमचा: ६८६ पुरेशी आहे आणि वाचलेल्या पैशाची काडतुसं येतील. ट्यूब वापरणार असाल, साठवलेली जुनी काडतुसं चालवावी लागत असतील किंवा लहान चणीच्या खेळाडूसाठी २१ ग्रॅमवर सुरुवात करायची असेल, तर ७२५. डबल ट्रॅपमध्ये दोन ताटल्या जवळपास एकदमच सुटतात, दुसऱ्या बाराला थांबायला वेळ नसतो. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्य मिळवलं तो हा प्रकार. २०१६ नंतर तो ऑलिंपिकमधून गेला, पण जिथे अजून खेळला जातो तिथे मेकॅनिकल चापाला माझं मत.

खिसा याहून मोठा असणाऱ्यांनी पेराझ्झी एमएक्स८ बघावीच. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी ती बनली, म्हणून ते नाव. टोकियो १९६४ चे ट्रॅप सुवर्णविजेते एन्नियो मात्तारेल्ली यांचा तिच्या घडणीत हात होता. सेफ्टीचं बटण नेहमीच्या जागेच्याही पुढे दाबलं की चाप, हॅमर, स्प्रिंगा असा सगळा संच खाली हातात येतो. सामन्यात स्प्रिंग तुटली तर सुटा संच चढवायचा आणि पुढच्या फेरीला उभं राहायचं. साफसफाईला दस्ताही काढावा लागत नाही. किंमत मात्र या दोघींच्या कित्येक पट.

भारतात यातली कुठलीही सहज काउंटरवरून उचलता येत नाही. शस्त्र परवाना हवा, आयातीची वाट प्रामुख्याने नामांकित खेळाडूंसाठी, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे आपल्याकडे खरेदी बहुधा वापरलेल्या बंदुकीची असते आणि सुटा भाग यायला महिने लागतात. म्हणून बंदूक ताब्यात घेतानाच दोन हॅमर-स्प्रिंगा, दोन फायरिंग पिना त्यांच्या स्प्रिंगांसह आणि कनेक्टरची एक स्प्रिंग मागून ठेवा. मागवताना मॉडेल, बोअर आणि बॉडीवरचा अनुक्रमांक तिन्ही कळवा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या वर्षांत आतले भाग बदलत गेलेले असतात.